"ईस्टर होऊ द्या, मग बघू" असं मंडळीत म्हणतात, तेव्हा काय करायचं?

पत्र:

ताई, जय ख्रिस्त. मी नाशिकची, शरणपूर रोडला राहते. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळाची चार वर्षं झाली खजिनदार आहे. कापणीच्या सणाचा लिलाव आणि लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले, दानाचे डबे मिळून वर्षाला साठेक हजार आम्ही एका ख्रिस्ती मदतसंस्थेला देतो, ती पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर टँकर, रेशनचे किट, पावसाळ्यात ताडपत्री असं काम करते. जानेवारीत तिथे फिल्डवर काम करणारी एक मुलगी माझ्याकडे येऊन रडली. तिचा साहेब रात्री-बेरात्री फोन करतो, जीपमध्ये मुद्दाम शेजारी बसवून हात लावतो आणि नाही म्हणालीस तर पुढचं काँट्रॅक्ट नाही म्हणतो. किटच्या यादीवर काही बायकांचे अंगठे आहेत पण त्यांना किट मिळालंच नाही, हेही ती म्हणाली. मी पाळक साहेबांना (आमच्या पाद्रींना) सांगितलं. ते म्हणाले प्रार्थना करा, कुठे बोलू नका, आधीच लोक आपल्यावर टपून बसलेत, ख्रिस्ताच्या नावाला बट्टा लागेल, ईस्टर होऊ द्या मग बघू. तो साहेब आमच्याकडे उपासनेत दोनदा संदेश (प्रवचन) देऊन गेलाय, कमिटीतले बरेच जण त्याच्या जवळचे. डबे भरत आलेत. पैसे द्यावे की थांबवावे? आणि मी बोलले तर मंडळी फोडल्याचं पाप माझ्या माथी येईल का?

— एक खजिनदार

उत्तर:

ताई, आधी कॅलेंडर काढा. मुलीने तुम्हाला जानेवारीत सांगितलं, म्हणजे प्रकार तेव्हाचा किंवा त्याच्या आधीचा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल २०१३ चा जो कायदा आहे त्यात लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते, पण ते समितीच्या हातात, त्या मुलीच्या नाही. म्हणजे "ईस्टर होऊ द्या" हे ऐकायला साधं वाटतं, कोणी वाईट मनाने म्हटलेलंही नसेल, पण तेवढ्यात तिची मुदत निघून जाऊ शकते. बाकी सगळं नंतरही बोलता येईल, हे नाही येणार, म्हणून सगळ्यात वर लिहिलं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही मला पैशांचं विचारलंय. साहजिक आहे, डबे तुमच्याकडे येणार, चेकवर सही तुमची लागणार. पण पत्रात ती मुलगी एकदा रडताना दिसते आणि मग पुढे कुठेच दिसत नाही. ती आत्ता कुठेय? अजून त्याच जीपमध्ये बसतेय का? घरी कोणाला माहितीये का? पाळक साहेबांशी तुमचं बोलणं झालं त्यात ख्रिस्ताचं नाव आलं, मंडळीचं आलं, टपून बसलेले लोक आले, पण ती जेवते-झोपते का हे कोणी विचारल्याचं तुम्ही लिहिलं नाहीये. मला वाटतं तुमची जी घालमेल होतेय ती इथूनच होतेय. आधी ती मुलगी, मग पैसे, आणि नावाची काळजी सगळ्यात शेवटी, हा क्रम एकदा मनाशी पक्का करा, मग बघा अर्ध्या गोष्टी आपोआप सुटतात की नाही.

तिला भेटायला जाल तेव्हा तिला परत सगळं सांगायला लावू नका. "नक्की काय झालं", "तू आधी का नाही बोललीस", "तो तर चांगला माणूस आहे गं", यातलं काहीच नको. ऐकायची तयारी दाखवा आणि तिला पर्याय सांगा, कारण बऱ्याच मुलींना माहीतच नसतं की काँट्रॅक्टवरच्या, रोजंदारीवरच्या, अगदी बिनपगारी व्हॉलंटियर बायकांनाही हा कायदा लागू होतो, आणि ऑफिसच्या कामासाठी वापरलेली गाडी हीसुद्धा कामाचीच जागा धरतात. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका आणि एक सदस्य बाहेरची. नसेल, किंवा तक्रार थेट मालकावर, म्हणजे संस्था चालवणाऱ्यावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, त्यासाठी सीबीएस बसस्टँडजवळच्या कलेक्टर ऑफिसात चौकशी करा किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे जा. तिला लिहून द्यायला जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नाहीत. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते आणि तोपर्यंत तिने लेखी मागितलं तर त्या दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा अशी शिफारस समितीला करता येते. फोनचे कॉल, मेसेज, व्हॉइस नोट काहीही डिलीट करू नकोस म्हणावं, आणि एका वहीत तारीख, गाव, गाडीत कोण कोण होतं एवढं लिहून ठेव म्हणावं. पोलिसांत जायचा रस्ता वेगळा आहे, तोही तिला आहे. जायचं की नाही ते ती ठरवेल. तुम्ही फक्त सोबत चला, म्हणजे रिक्षात शेजारी कोणीतरी असेल.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, तिला त्या साहेबासमोर नेऊन बसवू नका. आपल्याकडे लगेच बायबलमधला मत्तयाचा अठरावा अध्याय काढतात, भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग, मग आणखी एका-दोघांना घेऊन जा. दोन बरोबरीच्या माणसांतला रुसवा-फुगवा असेल तर फार सुंदर शिकवण आहे ती. पण ज्याच्या सहीवर पगार होतो त्याच्या केबिनमध्ये काँट्रॅक्टवरच्या मुलीला "आधी तूच जाऊन बोल" म्हणून पाठवणं म्हणजे तिला परत त्याच जीपमध्ये बसवणं झालं. क्षमेची मीटिंग पण नको. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि विषय संपला, असं झालेलं मी ऐकलंय, त्यात फक्त बोलणारीचं तोंड बंद होतं.

प्रार्थनेवरून आठवलं, ग्रुपवर काही टाकू नका. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा, जी पेठ भागात एका संस्थेत कामाला आहे आणि कठीण प्रसंगातून जातेय", एवढं वाचलं की पेठपासून देवळालीपर्यंत सगळ्यांना नाव कळतं, आपली मंडळी आहेच केवढी. तक्रारदाराची ओळख उघड करायला कायद्यानेही मनाई आहे. प्रार्थना करायचीच तर तुम्ही दोघी-तिघी घरात बसून करा.

हे मी इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे. २००८ च्या सप्टेंबरमध्ये गोदेला पूर आला होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही नाशिकच्याच आहात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर आपण पूर मोजतो, त्या वर्षी पाणी किती चढलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण एका मदत ग्रुपबरोबर नदीकाठच्या वस्तीत चादरी आणि भांडी वाटत होतो, चर्चचा ग्रुप नव्हता तो, सगळ्या प्रकारचे लोक होते. टेम्पोच्या फाळक्यावर उभा राहून एक जण सामान हातात देत होता. तिशीची एक बाई रांगेत पुढे आली, कडेवर पोर, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. तिची पाळी आली तशी तिने मोकळा हात पाठीमागे नेला आणि म्हणाली, "खाली ठेवा, मी उचलते." तो हसला, घे ना गं म्हणाला. ती परत म्हणाली, खाली ठेवा. मागचे लोक ओरडायला लागले, रांग अडली म्हणून. शेवटी ती चादर न घेताच बाजूला झाली.

मला तेव्हा कळलं नाही, संध्याकाळी हात धुताना कळलं की सामान देताना तो बायकांच्या हाताला हात लावत होता. दिवसभर मी त्याला बायकांच्या हातात सामान देताना बघत होते आणि माझ्या डोक्यात फक्त किती वाटून झालं एवढंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपमधल्या एका वयस्कर माणसाला हळूच बोलले, ते म्हणाले अगं एवढ्या लोकांची सोय होतेय, तू काम बघ. मी काम बघितलं. दोन दिवसांनी परत वाटप होतं तेव्हा ती बाई आली नाही. सप्टेंबरमध्ये नदीकाठी रात्री गारठा असतो आणि तिच्याकडे लहान पोर होतं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या मनातून गेलेलं नाहीये. त्या मुलीने तुम्हाला सांगितलं, ताई. त्या बाईने मला शब्दात सांगितलंही नव्हतं. तुमच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे.

आता पाळक साहेब जे म्हणाले त्याकडे येऊ. "लोक टपून बसलेत" हे खोटं नाहीये. ख्रिस्ती संस्था म्हटली की धर्मांतराचा आरोप तयारच असतो, पाड्यावर काम करणाऱ्या प्रामाणिक माणसांना किती त्रास होतो ते मला जवळून माहितीये, त्यामुळे त्यांच्या भीतीला मी हसणार नाही आणि तुम्हीही त्यांना भित्रे ठरवू नका. पण ही गोष्ट आज तुमच्या मंडळीने स्वतः पुढे आणली तर लोक म्हणतील की यांना कळलं आणि यांनी पावलं उचलली. सहा महिन्यांनी बाहेरच्या कोणी आणली तर म्हणतील की चर्चला माहीत होतं आणि चर्चने पैसे पाठवणं चालू ठेवलं. आणि सहा महिन्यांनी ती बाहेर येणारच, कारण अंगठे लावून किट न मिळालेल्या बायका पाड्यावर आहेत, त्यांना तोंड आहे.

जगात हे घडून गेलंय. हैतीमध्ये २०१० च्या जानेवारीत भूकंप झाला, तिथे ऑक्सफॅम ही मोठी ब्रिटिश मदतसंस्था काम करत होती, तिथल्या काही कर्मचाऱ्यांवर संस्थेच्या कामाच्या काळात वेश्यांना बोलावल्याचे आरोप झाले. २०११ मध्ये आतल्या आत चौकशी झाली, चौघांना काढलं, तिघांना राजीनामा देऊन जाऊ दिलं, त्यात तिथला प्रमुख पण होता. बाहेर सांगताना गैरवर्तन झालं एवढंच मोघम सांगितलं. तो प्रमुख पुढे बांगलादेशात दुसऱ्या मदतसंस्थेत मोठ्या पदावर गेला आणि त्या संस्थेचं म्हणणं की आम्हाला कोणी सावध केलं नव्हतं. २०१८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या एका पेपरने सगळं छापलं आणि थोड्याच दिवसांत जवळपास सात हजार लोकांनी आपली दर महिन्याची देणगी बंद केली. म्हणजे जे नाव वाचवायला मोघम बोलले ते नाव तर गेलंच, वर गरिबांचे पैसे पण गेले. तुमच्या संस्थेतला साहेब उद्या गुपचूप राजीनामा देऊन गेला आणि कमिटी म्हणाली चला सुटलो, तर एवढं लक्षात ठेवा की तो कुठेतरी जाणार आणि तिथेही कोणाची तरी मुलगी जीपमध्ये बसणार.

दुसरी गोष्ट फ्रान्सची, ही आपल्याला जास्त जवळची. आबे पिएर म्हणून एक कॅथलिक धर्मगुरू होते, १९४९ मध्ये त्यांनी बेघर लोकांसाठी एमाऊस नावाचं काम सुरू केलं, १९५४ च्या कडाक्याच्या थंडीत रेडिओवरून त्यांनी केलेली हाक तिथे आजही लोकांना आठवते. २००७ मध्ये ते वारले तेव्हा सगळा देश हळहळला. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांच्याच एमाऊसने बाहेरच्या लोकांकडून चौकशी करून घेतली आणि अहवाल स्वतः जाहीर केला की आपल्या संस्थापकाने बायकांशी लैंगिक गैरवर्तन केलं. आधी सात बायकांच्या साक्षी होत्या, सप्टेंबरमध्ये अजून सतरा आल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने ते नावच बदललं. फ्रान्सच्या बिशपांनी आपले जुने कागद अभ्यासकांना उघडून दिले, आणि त्यातून कळलं की १९५० च्या दशकातच काही बिशपांना माहीत होतं. विचार करा, ताई, तेव्हाच्या बिशपांनी हेच म्हटलं असेल ना की एवढं मोठं काम चाललंय, हजारो बेघरांना छप्पर मिळतंय, बट्टा नको. त्यानंतर कितीतरी वर्षं, कितीतरी बायका. आणि बेघरांचं काम? ते आजही चालूच आहे.

पण आपल्याला फ्रान्सला जायची पण गरज नाही, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. पहिल्या मंडळीत, यरुशलेममध्ये, रोजच्या अन्नवाटपात भेदभाव होतो म्हणून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या विधवांना डावललं जात होतं. म्हणजे चर्चच्या मदतकार्यावरची अगदी पहिली तक्रार, आणि तीही परक्या भाषेच्या विधवांची, ज्यांच्या मागे कोणी नाही. प्रेषित असं म्हणाले नाहीत की आत्ता छळ चाललाय, यहूदी पुढारी टपून बसलेत, गप्प बसा. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं, सगळ्यांसमोर विषय मांडला आणि वाटपासाठी सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातांची नावं वाचा, स्तेफन, फिलिप्प पासून निकलावपर्यंत, सगळी ग्रीक नावं आहेत. म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. आणि त्याच्या लगेच पुढे काय आहे, तर शिष्यांची संख्या फार वाढली. पाळक साहेबांशी बोलताना हा अध्याय बरोबर न्या. तुम्ही त्यांच्याविरुद्ध काहीतरी आणताय असं त्यांना वाटणार नाही, ते त्यांच्याच घरातलं आहे.

पैशांसाठी बायबलमधल्याच करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय. पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता, मोठी रक्कम होती, तरी त्याने ती एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, आणि स्पष्ट लिहिलं की या देणगीबद्दल कोणी आम्हाला दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, फक्त प्रभूसमोर नाही तर माणसांसमोरही. तुम्ही खजिनदार म्हणून जे करायला निघालाय ते हेच आहे.

तर डब्यांचं असं करा. उघडायच्या दिवशी नेहमीसारखे सगळ्यांसमोर उघडा, मोजा, रजिस्टरवर दोघींच्या सह्या घ्या आणि पैसे बँकेत ठेवा, पण पुढे पाठवू नका. "थांबवले" म्हणू नका, "राखून ठेवले" म्हणा आणि महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये तसा ठराव लिहून घ्या, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की खजिनदारबाईंनी मनाने पैसे अडवले. संस्थेला साधं पत्र पाठवा, आरोप करणारं नको, विचारणारं. तुमची अंतर्गत समिती आहे का, बाहेरची सदस्य कोण, आमच्या मंडळाच्या पैशांतून गेल्या वर्षी किती किट कुठल्या पाड्यावर गेले, त्याच्या याद्या बघायला मिळतील का. या पत्रात मुलीचा किंवा तिच्या तक्रारीचा एक शब्द येऊ देऊ नका, आणि पाठवायच्या आधी तिला विचारा, कारण पत्र गेलं की त्या साहेबाला संशय येणार आणि ती तेव्हा कुठे असेल याचा विचार आधी व्हायला हवा. तिची तक्रार आधी, पत्र नंतर. याद्या मिळाल्या तर पाच-सहा नावं निवडून तुम्ही दोघी-तिघी पेठला जाऊन त्या बायकांना भेटून या. अंगठे वहीत आहेत, किट घरात आलं का, कोणी दिलं, देताना काही मागितलं का, एवढंच विचारायचं, त्यांच्या ओट्यावर बसून, चहा घेत. संस्थेने उत्तर टाळलं तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय नाशिकमध्ये आहेच, नोंदणी असलेल्या ट्रस्टला दरवर्षी ऑडिट केलेले हिशोब तिथे द्यावे लागतात आणि अर्ज करून त्याची नक्कल मागता येते.

पाड्यावरच्या पाण्याचं काय हा प्रश्न तुमच्या मनात असणार, माझ्याही आहे. एप्रिल-मे मध्ये सुरगाणा-पेठ भागातल्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात, त्यांनी काय गुन्हा केलाय. म्हणून पैसे राखून ठेवताना सगळंच अडवू नका, त्यातला एक भाग त्या भागातल्या ओळखीच्या मंडळीमार्फत थेट टँकरच्या बिलावर खर्च करता येईल का ते बघा, बिल मंडळाच्या नावाने, पैसे चेकने. आणि ज्याच्याकडे द्याल त्यालाही तेच प्रश्न विचारा, तो कितीही चांगला माणूस असला तरी.

मंडळीत काय सांगायचं? काहीच न सांगणं बरोबर नाही, लोकांनी डब्यात पैसे टाकलेत. सगळं सांगणंही बरोबर नाही, आरोप सिद्ध झालेला नाही, त्या साहेबाचंही म्हणणं ऐकलं जायला हवं आणि ते समितीच ऐकेल. माझ्या मते मुलीची तक्रार दाखल झाल्यावर, तिला आधी वाचून दाखवून आणि तिची हरकत नसेल तरच, पाळक साहेबांनी उपासनेनंतर एवढं वाचलं तरी पुरे: "आपण ज्या संस्थेला मदत देतो तिच्या कामाबद्दल एक गंभीर तक्रार आपल्या कानावर आली आहे. ती खरी की खोटी हे ठरवणं आपलं काम नाही, त्यासाठी कायद्याने नेमलेली समिती आहे. चौकशी होईपर्यंत लेंटचे पैसे बँकेत राखून ठेवले आहेत आणि त्या संस्थेच्या कोणालाही आपण संदेशाला बोलावणार नाही. तक्रार कोणाची हे कोणी विचारू नये, अंदाज बांधू नये. आणखी कोणाला काही सांगायचं असेल तर महिला मंडळाच्या अमुक दोन बहिणींशी बोलावं." यातलं शेवटचं वाक्य गाळू देऊ नका. एमाऊसच्या वेळी पण सात साक्षींनंतर सतरा आल्या त्या लोकांना बोलायला जागा ठेवली म्हणून.

पाळक साहेबांकडे एकट्या जाऊ नका, मंडळातली एखादी मोठी बाई बरोबर घ्या, त्यांची बायको समजूतदार असेल तर त्यांना आधी विश्वासात घ्या. शांतपणे तीन महिन्यांच्या मुदतीचं सांगा, बहुतेक त्यांना माहीतच नसेल. त्यांनी ऐकलं तर फार चांगलं. नाही ऐकलं तरी त्या मुलीला कलेक्टर ऑफिसला न्यायला त्यांच्या परवानगीची गरज नाहीये, आणि बिशपांना पत्र लिहायलाही नाही. आणि ताई, त्या संस्थेचं एखादं वसतिगृह असेल आणि तिथल्या अठरा वर्षांखालच्या मुलीबद्दल काही कानावर आलं, तर कमिटी नाही, मीटिंग नाही, त्याच दिवशी पोलिस किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, तो पाळकांनाही लागू आहे आणि तुम्हालाही.

पापाचं विचारलंत. मंडळी फुटली तर ती मुलीच्या तक्रारीने नाही फुटणार. तो साहेब तुमच्या पुलपिटवर (प्रवचनाच्या जागी) उभा राहून बोलत होता आणि ती कदाचित खाली बाकावर बसून ऐकत होती, फूट तर तेव्हाच पडली होती, फक्त ती तिला एकटीला दिसत होती. तुम्ही राहता त्या भागाचं नाव शरणपूर. १८५० च्या दशकात मिशनने ती वस्ती बसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं-मुली तिथे आणून ठेवली, शिकवली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम दिलं. कोणी नसलेल्यांना शरण जायला जागा म्हणून ते नाव. ती मुलगी पाळकांकडे गेली नाही, कमिटीकडे गेली नाही, तुमच्याकडे आली. तिने जागा बघून निवडलीये.

तिला फोन करा, आज केलात तर उत्तम. रात्रीचा नको, रात्रीच्या फोनची तिला धास्ती बसली असेल. दिवसा करा, नाव सांगा आणि पहिलं हे विचारा की आत्ता बोलायला जमेल का, आजूबाजूला कोणी आहे का. नाही म्हणाली तर कधी करू ते विचारून ठेवून द्या, आणि तिने जी वेळ सांगितली असेल त्या वेळेला नक्की करा.